१.०२८ वर अडलेली पोर्टर: यीस्ट थकलं की साखरच संपली?

सातूचं पीठ (धागाकर्ती) | २३ जानेवारी, रात्री ९.१०

घरी केलेली पोर्टर (काळी बिअर) अडली आहे, म्हणजे आंबवण मध्येच थांबलंय. सगळे आकडे आधीच देते, म्हणजे उलटतपासणीत वेळ जाणार नाही.

ठिकाण मिनिआपोलिस. तळघर सध्या १४-१५ अंशांवर (सगळीकडे सेल्सिअस). वर्ट (माल्टचं न आंबलेलं गोड पाणी) २० लिटर. मॅरिस ऑटर (मूळ माल्ट) ५.८ किलो, क्रिस्टल माल्ट ५०० ग्रॅम, चॉकलेट माल्ट ३०० ग्रॅम. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणं) कूलरमध्ये, ६७ अंशांवर ६० मिनिटं. ओजी (आंबवणाआधीची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता; पाणी १.०००) १.०७२. यीस्ट एस-०४, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट, कोरडंच वरून भुरभुरलं. ११ तारखेला टाकलं तेव्हा वर्ट १९ अंशांवर होतं. दुसऱ्या दिवशी दणदणीत फेस, चौथ्या दिवशी फेस बसला, सहाव्या दिवसापासून एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पाण्याची झडप) गप्प. आज बारावा दिवस. रिफ्रॅक्टोमीटर ११ ब्रिक्स (साखरेची टक्केवारी) दाखवतोय, म्हणजे १.०४४. तीन दिवसांपूर्वीही ११ च होते. अपेक्षा १.०१६ च्या आसपासची.

घरात एस-०४ आणि यूएस-०५ या यीस्टची एकेक पाकिटं आहेत, यीस्ट न्यूट्रिएंट आहे, स्टार्च तोडणाऱ्या अमायलेज एन्झाइमची बाटलीही आहे. यातलं आधी काय टाकू?

निवळ | २३ जानेवारी, रात्री ९.४२

आधी काहीच टाकू नका. तुमची बिअर १.०४४ वर नाहीच.

रिफ्रॅक्टोमीटर द्रवातून प्रकाश किती वळतो ते बघतो आणि त्यावरून साखर सांगतो. वर्टमध्ये फक्त साखर आणि पाणी असतं, तोवर ठीक. आंबवण सुरू झालं की त्यात अल्कोहोल येतं. अल्कोहोल प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वळवतं, पण घनतेला पाण्यापेक्षा हलकं असतं. त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर साखर फुगवून सांगतो. सुरुवातीचे (ओजी १.०७२ म्हणजेच) साडेसतरा ब्रिक्स आणि आजचे अकरा हे दोन्ही आकडे दुरुस्तीच्या सूत्रात घातले तर खरी ग्रॅव्हिटी १.०२७ च्या जवळपास निघते. सूत्रसुद्धा अंदाजच देतं. हायड्रोमीटर (तरंगून घनता सांगणारी नळी) काढा.

नमुना २५० मिली घ्या. दोन भांड्यांत आठ-दहा वेळा वरखाली ओतून त्यातला गॅस घालवा, कारण बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला उचलतात आणि दोन-चार पॉइंट (ग्रॅव्हिटीचे हजारांश) फुकटचे वाढतात. नमुना २० अंशांवर येऊ द्या. हायड्रोमीटर आधी त्याच तापमानाच्या साध्या पाण्यात तरंगवून बघा. तिथे १.००० ऐवजी १.००३ दाखवत असेल तर तेवढे वजा करा. आतला कागद नळीत सरकलेला असणं ही अगदी नेहमीची भानगड आहे.

तळघरातला | २३ जानेवारी, रात्री १०.१५

वरच्याला अनुमोदन. शिवाय एअरलॉक गप्प म्हणजे आंबवण थांबलं असं नाही, आणि एअरलॉक बोलतोय म्हणजे चालू आहे असंही नाही. बादलीच्या झाकणाचं रबर जरा वाकडं बसलं की गॅस तिथून जातो. उलट थंड बिअर कोमट झाली की विरघळलेला गॅस सुटतो आणि मेलेल्या बादलीतूनही बुडबुडे येतात. तरंगणारा डिजिटल हायड्रोमीटर वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, त्याला सुकलेला फेस चिकटला की आकडा हलतच नाही आणि माणूस उगाच घाबरतो. ग्रॅव्हिटी हाच काय तो पुरावा.

सातूचं पीठ | २४ जानेवारी, सकाळी ८.०५

हायड्रोमीटर पाण्यात बरोबर १.००० दाखवतो. बिअर, गॅस काढून, २० अंशांवर: १.०२८. चव गोड, पण ओशट किंवा आंबट नाही. बादलीवरची तापमानाची पट्टी १५ सांगते.

म्हणजे निम्मी भीती गेली, पण १.०२८ सुद्धा जास्तच ना?

निवळ | २४ जानेवारी, सकाळी ९.३०

हो. ७२ पैकी ४४ पॉइंट गेले, म्हणजे ६१ टक्के. एस-०४ ने ७४ च्या पुढे जायला हवं. अल्कोहोल आत्ता ५.८ टक्क्यांच्या आसपास असेल. हा खरा अडथळा आहे, पण त्याची दोनच कारणं असू शकतात आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत. एक, साखर शिल्लक आहे पण यीस्ट खात नाही. दोन, यीस्ट तयार आहे पण त्याला खाता येईल अशी साखरच उरलेली नाही. हे ठरवल्याशिवाय बादलीत काही ओतणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

यीस्टवर संशय घ्यायला तुमच्या माहितीत भरपूर जागा आहे. जोरात आंबत असताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, वीस लिटरची बादली खोलीपेक्षा तीन ते पाच अंश गरम राहते. म्हणून पहिले चार दिवस १४ अंशांच्या तळघरातही बिअर १८-१९ वर मजेत होती. जोर ओसरला की ती ऊब जाते आणि बिअर गुपचूप तळघराच्या तापमानाला येऊन बसते. यीस्ट आधी ग्लुकोज खातं, मग माल्टोज, आणि शेवटी माल्टोट्रायोज, जी त्याला सगळ्यात जड जाते. म्हणजे ज्या टप्प्यात जास्त मेहनत, नेमकी त्याच टप्प्यात थंडी. त्यात एस-०४ ही इंग्लिश जात, जरा गारवा लागला की गोळे करून तळाशी विटेसारखी बसते. डिसेंबरात इडलीचं पीठ ओट्यावर ठेवून ‘फुगलं का नाही’ म्हणण्यासारखंच.

दुसरी गोष्ट यीस्टच्या मापाची. एलसाठी (कोमट आंबवलेल्या बिअरसाठी) दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (ब्रिक्ससारखंच साखरेचं माप) साडेसात लाख पेशी असा सर्वसाधारण हिशेब असतो. १.०७२ म्हणजे साडेसतरा प्लेटो, वीस लिटरला सुमारे २६० अब्ज पेशी. कोरड्या पाकिटाची किमान हमी ग्रॅममागे १० अब्जांची, म्हणजे तुमच्याकडे खात्रीच्या ११५ अब्ज. प्रत्यक्षात जास्त निघतात, तरी एवढ्या जड वर्टला दोन पाकिटं लागतात. कमी पेशींना जास्त वेळा दुभागावं लागतं, दर वेळी पेशीच्या पटलातली स्टेरॉल वाटली जातात, आणि शेवटच्या पिढीला अल्कोहोल सोसत नाही.

पण हे सगळे तर्क झाले. चाचणी करा. ३०० मिली बिअर स्वच्छ बाटलीत घ्या, तीत ३ ग्रॅम कोरडं यीस्ट घाला, कुठलंही साधं एल यीस्ट चालेल. पाणी घालू नका, नाहीतर आकडा पातळ होईल. तोंडाला फॉइल, जागा २५ अंशांची, जमेल तेव्हा हलवत राहा. ४८ तासांनी बाटली फ्रिजमध्ये, गाळ बसला की वरचं निवळ ओतून घ्या, गॅस काढा, २० अंशांवर आणून मोजा. एवढ्याशा बिअरमध्ये एवढं यीस्ट आणि एवढी ऊब मिळाल्यावर जे खाण्यासारखं आहे ते सगळं खाल्लं जातं. बाटली जिथे थांबेल तो तुमच्या वर्टचा तळ. बाटली १.०२८ वरच राहिली तर यीस्टला दोष देऊ नका. खाली गेली तर बादलीतली बिअरही तिथवर जाऊ शकते.

मोजून झालेली बिअर बादलीत परत ओतू नका. पिऊन टाका किंवा फेकून द्या.

बुडबुडा | २४ जानेवारी, दुपारी १२.२०

एवढा घोळ कशाला? अमायलेज चमचाभर टाका, दोन दिवसांत १.०१० ला येते की नाही बघा. साखर नसेल तर एन्झाइम साखर बनवेल, यीस्ट आहेच.

आजीचं विरजण | २४ जानेवारी, दुपारी १.४५

बुडबुडा, १.०१० ला येईल हे खरं. अडचण अशी की ती तिथे थांबणार नाही. बाटलीवर नुसतं ‘अमायलेज’ लिहिलेलं असतं, आत काय आहे ते बघायला हवं. ग्लुकोअमायलेज असेल तर ते डेक्स्ट्रिनच्या (यीस्टला न खाता येणाऱ्या लांब साखरेच्या) साखळीच्या टोकापासून एकेक ग्लुकोज तोडत जातं आणि बिअर १.००० किंवा त्याखाली नेऊन ठेवतं. ब्रूट आयपीए ही कोरडी बिअर मुद्दाम तशीच करतात. पोर्टर तशी झाली तर चॉकलेट माल्टचा कडूपणा उघडा पडतो, अंग काहीच राहत नाही. अल्फा अमायलेज असेल तर ते विसाव्या अंशाला संथ चालतं, पण चालत राहतं, बाटलीत भरल्यावरसुद्धा. मॅशमधले हे एन्झाइम पुढे वर्ट उकळताना मरतात. बादलीत टाकलेल्यांना कोण उकळणार?

न्यूट्रिएंटचंही तेच. पूर्ण माल्टच्या वर्टमध्ये यीस्टला लागणारा नायट्रोजन मुळातच पुरेसा असतो, कमी पडलंच तर जस्त. आणि अल्कोहोल चढल्यावर अमोनियम क्षार यीस्टला आत घेताच येत नाहीत. न्यूट्रिएंटची वेळ उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत असते. बाराव्या दिवशी घातलेलं डीएपी (न्यूट्रिएंटमधला अमोनियम क्षार) बिअरला फक्त खारट करेल.

कोणी शॅम्पेन यीस्ट सुचवण्याआधीच सांगते: ईसी-१११८ अठरा टक्के अल्कोहोल सोसतं म्हणून नेटवर त्याचे पोवाडे आहेत. पण ते द्राक्षाच्या साध्या साखरांवर वाढलेलं. माल्टोट्रायोज त्याला पचत नाही, आणि अडलेल्या बिअरमध्ये उरलेली असते ती मुख्यतः तीच. वर ते किलर जातीचं, तुमच्या एस-०४ पैकी जे जिवंत आहे तेही मारेल.

आणि कृपा करून कोणी बादलीत हवा फेटू नका. ऑक्सिजन यीस्ट टाकताना हवा असतो, वाढीसाठी. नंतर गेलेला ऑक्सिजन बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव देतो. काळी बिअर आहे म्हणून कळणार नाही असं नाही, महिन्याभरात कळतं.

पाहुणा पुण्याचा | २४ जानेवारी, रात्री ८.००

पुण्यात हे सामान कुठे मिळतं? यीस्ट पावाचं चालेल का?

तळघरातला | २४ जानेवारी, रात्री ८.३५

सामानाचा प्रश्न नंतरचा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. या धाग्यावरचे लोक अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत बसून बोलताहेत, जिथे घरच्या वापरापुरती बिअर कायद्यात बसते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती सोय केली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. पुण्यात प्रयोगच करायचा तर पाव करा. त्याला पावाचं यीस्ट उत्तम.

लेस्टरकर | २५ जानेवारी, पहाटे ४.५०

धाग्यात घुसतोय, माफ करा. मिल्क स्टाउट, १९ लिटर, ओजी १.०६२, आठ दिवस १.०२६ वर. यूएस-०५, २० अंश स्थिर. लॅक्टोज (दुधातली साखर) ४५० ग्रॅम, उकळीत घातलं होतं. तुमची चाचणी मी पण करू?

आजीचं विरजण | २५ जानेवारी, सकाळी ७.१०

तुमची अडलेलीच नाही बहुतेक. लॅक्टोज बिअरचं यीस्ट खात नाही. १९ लिटरात ४५० ग्रॅम म्हणजे आठ-नऊ पॉइंट, ते सुरुवातीलाही होते आणि शेवटीही राहणार. ते दोन्हीकडून काढा: ५३ वरून १७. म्हणजे खाण्याजोग्या भागातलं ६८ टक्के गेलं. स्टाउटमध्ये भाजलेलं धान्य आणि क्रिस्टल किती आहे त्यावर हे थोडं कमी किंवा अगदी योग्य ठरेल. चाचणी करा, स्वस्त आहे. पण हातात पाकीट घेऊन उभे राहू नका.

सातूचं पीठ | २५ जानेवारी, सकाळी ८.४०

चाचणीची बाटली लावली (यूएस-०५, ३ ग्रॅम, बंद ओव्हनमध्ये दिवा लावून, थर्मामीटर २५-२६ दाखवतो). बादलीला दरम्यान ऊब देऊ का? दिली तर हीटिंग बेल्ट की आणखी काही?

निवळ | २५ जानेवारी, सकाळी ९.१५

ऊब आजच द्या. कारण काहीही निघालं तरी तिने नुकसान होणार नाही.

बेल्टपेक्षा पाण्याचं टब बरं. बादली मोठ्या प्लास्टिकच्या टबात, बिअरच्या पातळीच्या थोडं खाली येईल एवढं पाणी, त्यात माशांच्या टाकीचा १०० वॉटचा हीटर २१ अंशांवर लावून. हीटर पूर्ण बुडलेला असू द्या, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. रात्रभरात बिअर २१ ला येईल. बेल्टच वापरायचा असेल तर थर्मोस्टॅटशिवाय नको, आणि त्याचा सेन्सर बादलीच्या भिंतीला चिकटवून वर फोमचा तुकडा दाबून बांधा. नाहीतर तो खोलीची हवा मोजत बसतो आणि बिअर २८ ला जाते. बेल्ट तळाशी गाळावर नको, मध्यावर.

बिअर २१ वर आली की झाकण न उघडता बादली कडेने धरून गोल हेलकावे द्या, मिनिटभर, दिवसातून दोनदा. हेतू एवढाच की तळाचा साका उठून बिअरमध्ये फिरावा. ढवळून खळबळ करू नका. एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जात नाही ना बघा, त्यात व्होडका किंवा सॅनिटायझर असलेलं बरं.

तीन दिवस थांबा. रोज मोजू नका, प्रत्येक नमुना म्हणजे एक उघडझाप.

सातूचं पीठ | २८ जानेवारी, सकाळी ७.५५

निकाल.

चाचणीची बाटली: १.०२१. आणखी बारा तास ठेवून परत मोजली, १.०२१ च.
बादली, २१ अंशांवर तीन दिवस, हेलकाव्यांसह: १.०२५.

म्हणजे दोन्ही कारणं खरी?

निवळ | २८ जानेवारी, सकाळी ८.३०

दोन्ही. १.०२८ ते १.०२१ हे सात पॉइंट यीस्टच्या खात्यावर, ते तुम्हाला मिळू शकतात. १.०२१ ते १.०१६ हे पाच पॉइंट मॅशच्या खात्यावर, ते गेले. १.०२१ म्हणजे ७१ टक्के, मॅश ६७ ला झाला असता तर हे यीस्ट याहून खाली गेलं असतं. तुमचा थर्मामीटर खोटं बोलतोय अशी दाट शंका आहे. डायलवाला आहे का?

सातूचं पीठ | २८ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

डायलवालाच, कूलरच्या भिंतीत बसवलेला. आत्ता गरम पाणी भरून स्वयंपाकाच्या डिजिटल थर्मामीटरशी ताडून पाहिलं. डायल ६७ वर असताना डिजिटल ७०.१. डिजिटल बर्फाच्या पाण्यात ०.२ दाखवतो, म्हणजे तो विश्वासाचा.

निवळ | २८ जानेवारी, संध्याकाळी ७.००

मिळाला चोर. ६७ आणि ७० मध्ये दिसायला तीन अंश, पण बीटा अमायलेजसाठी तेवढे पुरतात. बीटा साखळीच्या टोकापासून माल्टोज काढतं, त्याची चलती ६०-६५ अंशांना, आणि सत्तरीला ते काही मिनिटांत निकामी होतं. मागे उरतं अल्फा. ते साखळी मधूनच तोडतं, स्टार्चची चाचणी आयोडीनने स्वच्छ येते, ओजीही पूर्ण मिळतो. म्हणून त्या दिवशी काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही. बिघाड दोन आठवड्यांनी एफजीत (शेवटच्या ग्रॅव्हिटीत) दिसतो.

डायल उकळत्या पाण्यात आणि बर्फात तपासून भागत नाही, कारण त्याची चूक सगळीकडे सारखी नसते. जिथे वापरायचा तिथेच, ६५ ते ७० मध्ये, ताडायचा. शिवाय भिंतीतला डायल भिंतीजवळचंच तापमान सांगतो, कूलरच्या मध्यात दोन अंश जास्त असू शकतात. मॅश ढवळून तीन ठिकाणी मोजावं.

आजीचं विरजण | २८ जानेवारी, रात्री ८.१०

आता उरलेल्या चार पॉइंटांचं. बादली आपण होऊन खाली येतेय, त्यामुळे ३१ तारखेपर्यंत आणखी ऊब देऊन बघा. पण १.०२५ वरच थांबली तर कोरडं पाकीट बादलीत भुरभुरू नका. साडेपाच-सहा टक्के अल्कोहोल, साधी साखर संपलेली, ऑक्सिजन नाही, अशा ठिकाणी नुकतं झोपेतून उठलेलं यीस्ट काम न करताच बसतं. त्याला आधी विरजणासारखं तयार करावं लागतं, आणि उसळी असतानाच आत सोडावं लागतं.

एक लिटर पाणी आणि १०० ग्रॅम कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट दहा मिनिटं उकळा. ग्रॅव्हिटी १.०३८-१.०४० येते. (साखर घालू नका, यीस्टला साध्या साखरेची चटक लागली की ते माल्टोजकडे वळायला आळस करतं.) २२ अंशांवर थंड करून सॅनिटाइझ केलेल्या दोन लिटरच्या बरणीत ओता, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा. हवा द्यायची ती इथेच. यूएस-०५ च्या पाकिटात उरलेले साडेआठ ग्रॅम वर टाका, फॉइल सैल लावा, २२ अंशांच्या जागेत ठेवा. सहा-आठ तासांत फेस धरेल. मग बादलीच्या नळाने अर्धा लिटर अडलेली बिअर हळूच त्यात सोडा, नळ आधी सॅनिटायझरने फवारून. आता हलवणं बंद. यीस्टला अल्कोहोलची ओळख होते. आणखी सहा तासांनी फेस पुन्हा उभा दिसला की बरणी आणि बादली एकाच तापमानावर आहेत ना बघून सगळं विरजण, गाळासकट, बादलीत. वरून उंचावरून नाही, भांडं द्रवाच्या पृष्ठभागाजवळ नेऊन.

फेस बसल्यावर घातलं तर तासाभराचा उशीर चालतो, दुसऱ्या दिवशीचा नाही. भूक मेलेलं यीस्ट घालून फायदा नाही.

बुडबुडा | २८ जानेवारी, रात्री ९.००

यूएस-०५ च का? एस-०४ च परत घालायचं ना, चव बदलेल.

आजीचं विरजण | २८ जानेवारी, रात्री ९.२५

चव पहिल्या तीन-चार दिवसांत ठरली, ती आता बदलत नाही. शेवटच्या चार पॉइंटांना न बसणारं, माल्टोट्रायोज नीट खाणारं यीस्ट हवं. यूएस-०५ लवकर तळ धरत नाही, हाच त्याचा गुण. नॉटिंगहॅम यीस्टही चाललं असतं. सेझॉनची यीस्टं मात्र घालू नका. त्यातल्या बऱ्याच जाती डायस्टॅटिकस असतात, बेल सेझॉन तर नक्कीच. त्या स्वतः डेक्स्ट्रिन तोडणारं एन्झाइम सोडतात, म्हणजे अमायलेजचीच गोष्ट पुन्हा. आणि प्लास्टिकच्या ओरखड्यांत राहून पुढच्या तीन बिअरना त्रास देतात.

म्युनिककर | २९ जानेवारी, सकाळी ११.४०

लागर (थंडीत आंबवलेली बिअर) करणाऱ्यांसाठी पुरवणी. डब्ल्यू-३४/७० सारखं यीस्ट नऊ-दहा अंशांवर अडलं तर २१ पर्यंत न्यायची गरज नाही. ग्रॅव्हिटीचा दोन-तृतीयांश प्रवास झाल्यावर दिवसाला एक-दोन अंश करत १४-१६ ला न्या. लोण्याचा वास देणारं डायअसिटाइलही त्यात निघून जातं. लागरला पेशी एलच्या दुप्पट लागतात, एका पाकिटात वीस लिटर थंड लागर म्हणजे अडण्याला आमंत्रण. विरजण पद्धत तीच, फक्त शेवटी ते बादलीच्या तापमानापासून पाच अंशांच्या आत आणून घाला. एकदम दहा अंशांचा धक्का बसला की यीस्ट गोळे करून खाली जातं.

सातूचं पीठ | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०

३१ ला १.०२५ वरच होती. विरजण आजीच्या कृतीने, १ तारखेच्या रात्री घातलं. दुसऱ्या दिवशी वर पातळ फेसाचं कडं. ४ तारखेला १.०२२, ५ ला १.०२१, आज १.०२१. गोडपणा बराच कमी, अंग जाड, कॉफीची चव स्वच्छ.

बाटल्या भरू? आणि मूळ १.०२८ वरच भरल्या असत्या तर काय झालं असतं, उगाच विचारते.

निवळ | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

उगाच नाही, तोच यातला धोक्याचा भाग आहे. आंबताना ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट उतरला की बिअरमध्ये साधारण अर्धा व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या निम्मा) गॅस तयार होतो. १.०२८ वर भरून बाटल्या स्वयंपाकघरात २२ अंशांवर ठेवल्या असत्या, तर यीस्ट जागं होऊन ते सात पॉइंट बाटलीतच खाल्ले असते: साडेतीन व्हॉल्यूम. त्यात तुम्ही घातलेल्या साखरेचा दीड आणि आधीच विरघळलेला पाऊण-एक. जवळपास सहा. साधी काचेची बाटली तीन-साडेतीनच्या वर भरवशाची नाही. झाकण उडालं तर नशीब, काच फुटली तर डोळा जातो. ‘अडली आहे, म्हणजे संपली’ असं धरून भरणारे लोक इथेच फसतात.

आता मात्र भरा. बादली चाचणीच्या बाटलीच्या आकड्याला येऊन थांबली आहे, आणि तीन दिवसांत दोन सारखे आकडे आहेत. पोर्टरला २.२ व्हॉल्यूम पुरे. बिअर २१ अंशांवर होती, तिच्यात आधीचा साधारण ०.८ आहे. १९ लिटरला साधी पांढरी साखर १०० ग्रॅम, कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळून, बाटल्या भरायच्या बादलीत आधी ती आणि वर बिअर. एक प्लास्टिकची सोड्याची बाटलीही भरा. ती दाबून बघितली की काचेच्या बाटल्यांत काय चाललंय ते कळतं.

सातूचं पीठ | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४०

भरते. पुढच्या खेपेला दोन पाकिटं, मॅशला डिजिटल थर्मामीटर, आणि चौथ्या दिवशीच टबात. आणखी काही?

आजीचं विरजण | ७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.०५

टब चौथ्या नाही, तिसऱ्या दिवशी, फेस उतरायला लागण्याआधी. यीस्ट बसल्यावर उठवण्यापेक्षा बसू न देणं सोपं. आणि चाचणीची बाटली यीस्ट टाकल्याच्या दिवशीच लावा, वर्टमधूनच ३०० मिली काढून. म्हणजे बादली अडेल तेव्हा तळ कुठे आहे ते आधीच माहीत असेल.

लेस्टरकर | ८ फेब्रुवारी, पहाटे ५.१५

माझी चाचणी: १.०२५. बादली १.०२६. अडलेली नव्हतीच. पाकीट परत फ्रिजमध्ये.